शेजारच्या बंदीवर उभा धंदा

पणजीत मांडवीच्या काठी, कॅसिनोच्या जेटीसमोर, एका शनिवारी संध्याकाळी मी गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचत उभा होतो. एमएच ०९, केए २२, एमएच १२, पुन्हा एमएच ०९, एक तेलंगणाची, मग एमएच ०७. गोव्याच्या प्लेटी दिसत होत्या त्या बहुतेक टॅक्सींच्या. माणसं उतरवायची आणि निघायचं. आलेली मंडळी खिडकीवर पैसे भरून मनगटाला पट्टा बांधून घेत होती आणि लहान बोटीत चढून नदीतल्या झगमगत्या जहाजाकडे जात होती. कोल्हापूरकडची चौघं पोरं बोटीची वाट बघत होती, त्यांच्याशी बोलणं झालं. त्यातला एक, गडहिंग्लजला बियाण्यांचं दुकान चालवणारा, म्हणाला, "आपलाच पैसा गोव्याला देतोय की ओ. हेच आपल्याकडं सिंधुदुर्गात काढलं असतं, तर टॅक्स तरी आपल्या सरकारला मिळाला असता."

हे बोलणं ऐकताक्षणी पटतं. कोकणात कॅसिनो आणा अशी मागणी अधूनमधून होते, तिच्या मुळाशी हाच हिशेब असतो. लोक खेळणारच आहेत, मग शेजाऱ्याची तिजोरी का भरायची? मी हा हिशेब जवळजवळ याच शब्दांत आधी एकदा ऐकला आहे. जिथे ऐकला, तिथे पुढच्या दहा वर्षांत काय झालं तेही जवळून पाहिलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

२००३ ते २०१५ मी न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो. तिथून दीड-दोन तासांवर समुद्रकाठी अटलांटिक सिटी आहे. १९७६ साली न्यू जर्सीच्या मतदारांनी कौल दिला की राज्यात कॅसिनो चालतील, पण फक्त या एका शहरात. एके काळी गजबजलेलं हे हवा खाण्याचं ठिकाण तेव्हा पार बसलं होतं, ते पुन्हा उभं राहावं म्हणून ही सवलत. मे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. नेवाडा राज्याबाहेर कायद्याने चालणारा तो अमेरिकेतला पहिला. पुढे नव्वदच्या दशकात कनेटिकटमध्ये मूळ निवासी जमातींचे दोन मोठे कॅसिनो आले, डेलावेअरमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर स्लॉट मशीनं, म्हणजे पैसे घालून नशीब आजमावायची यंत्रं, आली, तरी अटलांटिक सिटीला फारसा धक्का लागला नाही. फिलाडेल्फिया शंभर किलोमीटरवर, न्यूयॉर्क दोनशे किलोमीटरवर, आणि वर्षाला तीन कोटींवर लोकांच्या फेऱ्या.

या शहराकडे असं होतं तरी काय? वाळू, लाकडी फळ्यांचा लांबलचक बोर्डवॉक, समुद्र. पण समुद्र तर त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांना आहे. अटलांटिक सिटीचं खरं भांडवल एकच होतं, आणि ते तिच्या हद्दीत नव्हतंच: फिलाडेल्फियात कॅसिनो काढला तर पोलीस धरून नेतील, हा शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचा कायदा. तिथल्या विधानसभेने एक मत फिरवलं की हे भांडवल संपणार होतं. हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण पैसा येत असताना ही गोष्ट बोलून दाखवणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

पेनसिल्व्हेनियातला हिशेब तोच होता, त्या गडहिंग्लजच्या पोराचा. आपली माणसं बसने जर्सीला जाऊन पैसे टाकून येतात, तर इथेच टाकू देत. २००४ मध्ये त्यांनी स्लॉट मशीनना परवानगी देणारा कायदा केला. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांचा पहिला कॅसिनो उघडला, डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या वेशीवर बेन्सेलमला दुसरा. अटलांटिक सिटीची कमाई त्याच २००६ साली ५.२ अब्ज डॉलरच्या शिखरावर होती. कॅसिनोची कमाई म्हणजे खेळणाऱ्यांनी हरलेली रक्कम, हे इथे एकदा नीट लक्षात घेऊ या, कारण ताळेबंदात तो शब्द फार सभ्य दिसतो. त्यानंतर ती कमाई दरवर्षी घसरत गेली आणि २०१५ पर्यंत निम्म्यावर आली. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या दोघांनीही पत्त्यांची टेबलं सुरू केली. त्याच वर्षी मेरीलँडमध्ये पहिला कॅसिनो उघडला, २०१३ मध्ये तिथेही टेबलं आली. २०११ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या शर्यतीच्या मैदानावर मशीनं लागली. चारी बाजूंनी कुंपण पडलं.

माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या बस. एडिसनसारख्या गावांतून सकाळी निघायच्या, रात्री परतायच्या. भाडं भरलं की उतरल्यावर साधारण तेवढ्याच रकमेचं कूपन मिळायचं, मशीनमध्ये घालायला. प्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे. आमच्या इमारतीतले एक रिटायर्ड गृहस्थ महिन्यातून एकदा जायचे. डबा घेऊन जायचे, चाळीस डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवायचे आणि ते संपले की बोर्डवॉकवर बसून राहायचे, कारण परतीची बस संध्याकाळीच असायची. बस चुकवता येत नव्हती आणि लवकर पकडताही येत नव्हती. त्या अंतराने त्यांना किती सांभाळलं होतं, ते मला फार नंतर कळलं.

२०१४ साली अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले. अटलांटिक क्लब जानेवारीत, शोबोट ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, रेव्हल आणि ट्रम्प प्लाझा सप्टेंबरात. सुमारे आठ हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. रेव्हल तर २.४ अब्ज डॉलर खर्चून २०१२ मध्ये उघडलं होतं, अडीच वर्षंही चाललं नाही, आणि पुढच्या वर्षी ८.२ कोटी डॉलरला विकलं गेलं. रुपयाचे चार पैसेसुद्धा आले नाहीत. शेजारी नवे कॅसिनो उघडत असताना आपण आणखी मोठा, आणखी चकचकीत बांधला की गिऱ्हाईक परत येईल, या समजुतीची ती किंमत होती.

शहराचं काय झालं, ते मला अधिक अस्वस्थ करतं. कॅसिनो पडले तसं त्यांच्या इमारतींचं मूल्यांकन पडलं, आणि शहराचा मालमत्ता कर त्यावरच उभा होता. कॅसिनोवाल्यांनी जास्त कर घेतला म्हणून दावे लावले, नगरपालिका त्यांच्या परताव्याच्या कर्जात बुडाली. एका कॅसिनोला ७.२ कोटी डॉलर देऊन २०१७ मध्ये तडजोड झाली. कराचा बोजा सरकला तो राहत्या घरांवर, म्हणजे डीलर (टेबलावर पत्ते वाटणारे), वेटर, सफाई कामगार यांच्यावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्य सरकारने शहराचा कारभारच ताब्यात घेतला. अब्जावधी डॉलर ज्या गावातून वाहून गेले, तिथे वर्षानुवर्षे धड एक मोठं किराणा दुकान नव्हतं. भाजीसाठी लोक खाडी ओलांडून पलीकडे जायचे.

शिवाय शेजारच्या कॅसिनोचा वचक राहिलेल्यांवर कसा बसतो, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. न्यू जर्सीने २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी केली, पण कॅसिनोला सूट दिली. आजही जुगाराच्या जागेच्या पाव हिश्श्यात सिगारेट ओढता येते. टेबलावर आठ तास उभे राहणारे डीलर वर्षानुवर्षे मागणी करताहेत की ही सूट काढा. मालकांचं उत्तर ठरलेलं आहे: बंदी केली तर ओढणारं गिऱ्हाईक पेनसिल्व्हेनियाला जाईल. म्हणजे एका राज्यातल्या बाईच्या फुप्फुसात धूर जायचा की नाही, हे दुसऱ्या राज्यातल्या कॅसिनोकडे बघून ठरतं. स्पर्धेने सेवा सुधारते म्हणतात; इथे स्पर्धेने कामगाराचा साधा हक्क अडवून धरला.

मग पेनसिल्व्हेनिया जिंकलंच ना? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आपल्याकडचे कॅसिनोसमर्थक तोच दाखला देतील. पैशाच्या बाजूने बघितलं तर हो. स्लॉटच्या कमाईवर त्यांनी साधारण ५४ टक्के कर लावला. न्यू जर्सीत मूळ कर ८ टक्के. २०१२ मध्ये नेवाडानंतर देशातली दुसऱ्या क्रमांकाची कमाई त्यांची झाली. करातला मोठा वाटा घरमालकांना मालमत्ता करात सवलत म्हणून गेला. न्यू जर्सीत कॅसिनोचा कर वृद्धांना आणि अपंगांना, मेरीलँडमध्ये शाळांना. प्रत्येक राज्याने जुगाराच्या पैशाला असं एखादं पुण्याचं काम जोडून दिलं आहे. ते जोडलं की पुढे कुणालाही हात लावता येत नाही. कॅसिनोवर बोलायला गेलात की समोर म्हाताऱ्यांच्या औषधांचा प्रश्न उभा राहतो.

पण तो पैसा आला कुठून? काही अटलांटिक सिटीतून सरकला. उरलेला नवा होता. जे लोक पूर्वी खेळतच नव्हते किंवा वर्षातून दोनदा खेळत होते, त्यांचा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय जुगार परिणाम अभ्यास आयोगाने अहवाल दिला. त्यासाठी केलेल्या पाहणीत, पन्नास मैलांच्या आत कॅसिनो असलेल्या भागांत जुगाराच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाण इतर भागांच्या साधारण दुप्पट आढळलं होतं. पेनसिल्व्हेनियाने कायदा केला तो हा अहवाल येऊन पाच वर्षं झाल्यावर.

एडिसनच्या आमच्या शेजाऱ्यांची बहीण अटलांटिक सिटीत ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटायची. गुजराती बाई, आम्ही सगळे तिला बेन म्हणायचो. २०१४ मध्ये बंद पडलेल्या चारपैकी एकात ती होती. चारेक महिन्यांनी तिला फिलाडेल्फियाच्या बाजूच्या एका कॅसिनोत काम मिळालं. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, म्हणून रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर गाडी चालवायची. दिवाळीला भेटली तेव्हा मी विचारलं, नवीन ठिकाणी कसं वाटतं? ती म्हणाली, कितीतरी चेहरे ओळखीचे आहेत, पूर्वी तिकडे यायचे तेच. "पण तिकडे ते सुट्टीला यायचे, नवराबायको, जेवण, फिरणं. इथे कामावरून घरी जाताना येतात. एकटे. चपला घालून येतात." ते चपलांचं तिने दोनदा सांगितलं. मला वाटतं, सगळ्या चर्चेचा गाभा त्या चपलांत आहे. माणूस घरच्या कपड्यांत, दूध आणायला निघाल्यासारखा जिथे जाऊ शकतो, ते ठिकाण त्याच्या रोजच्या दिवसात शिरतं.

याहून वाईट गोष्टही घडली. पार्किंगमध्ये, बंद गाडीत लहान मुलांना ठेवून आईबाप आत खेळायला जातात, असे प्रकार पेनसिल्व्हेनियात इतके झाले की तिथल्या गेमिंग नियंत्रण मंडळाला त्याविरुद्ध खास जनजागृती मोहीम काढावी लागली. मंडळ अशा पालकांना राज्यातल्या सगळ्या कॅसिनोंत प्रवेशबंदी करतं. शंभर किलोमीटरवरच्या बसमध्ये कुणी मूल गाडीत ठेवून चढत नव्हतं. पाच मिनिटं खेळून येतो, असं म्हणता येण्याइतका कॅसिनो जवळ आला, तेव्हा हे सुरू झालं.

आणि जिंकलेल्याची जीतही टिकत नाही. डेलावेअरने लवकर सुरुवात करून मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियाचं गिऱ्हाईक खाल्लं. ती दोन्ही राज्यं उघडल्यावर २०१३ मध्ये डेलावेअर सरकारलाच आपल्या कॅसिनोंना मदतीचा पैसा द्यावा लागला. ज्यांच्याकडून कर घ्यायचा त्यांनाच अनुदान! वेस्ट व्हर्जिनियाचे सीमेवरचे कॅसिनो आधी पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या आणि मग ओहायो राज्यातल्या कॅसिनोंमुळे आटले. पेनसिल्व्हेनियाचे कॅसिनो आता किराणा दुकानांत आणि पेट्रोल पंपांवर लागलेल्या मशीनांविरुद्ध कोर्टात भांडताहेत. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहरात तीन पूर्ण कॅसिनोंना परवाने मिळाले, त्यामुळे पुढची पाळी कुणाची, हे बघायला फार थांबावं लागणार नाही. न्यू जर्सीच्या मतदारांनी मात्र यातून काही घेतलं असं मला वाटतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या उत्तरेला, न्यूयॉर्कच्या तोंडाशी नवे कॅसिनो काढायचा प्रस्ताव त्यांच्यासमोर आला. कारण तेच, आपला पैसा बाहेर जातोय. सुमारे ७७ टक्के लोकांनी नाही म्हटलं.

आता आपल्याकडे येऊ. १९७६ हे साल इथेही आडवं येतं. ज्या वर्षी न्यू जर्सीने कौल दिला, त्याच वर्षी गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा मंजूर केला. गोव्याने १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत मशीनना आणि मग जहाजांवर टेबलांना वाट दिली. महाराष्ट्राचा कायदा पुस्तकातच राहिला. सत्तेचाळीस वर्षं कुणी तो लागू केला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. माझ्या मते अलीकडच्या काळात महाराष्ट्राने घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी तो एक आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा झाली नाही.

गोव्याने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. ही बंदी मनापासून केली असेल असं मी धरून चालतो. आपल्या माणसांची घरं वाचावीत असं कोणत्याही सरकारला वाटणारच. पण तिचा अर्थ काय होतो ते बघा. नदीतल्या त्या जहाजांवर कायद्याने जो रुपया हरला जातो, तो आता सगळाच्या सगळा बाहेरचा. कोल्हापूरचा, बेळगावचा, पुण्याचा, हैदराबादचा, सुरतेचा. अटलांटिक सिटीत निदान न्यू जर्सीचं गिऱ्हाईक होतं. गोव्याचा धंदा पूर्णपणे मुंबई, बंगळुरू, गांधीनगरच्या विधानसभांच्या मर्जीवर उभा आहे. त्यात दमण मुंबईपासून चार तासांवर, वापीला खेटून. कायदा तोच १९७६ चा. तिथे कॅसिनोची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. ज्या दिवशी दमणमध्ये टेबलं लागतील, त्या दिवशी सुरत आणि बोरिवलीचं गिऱ्हाईक मांडवीपर्यंत कशाला येईल? भर म्हणून दिल्लीचा कर आहेच. ऑक्टोबर २०२३ पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. काठमांडू आणि कोलंबो भारतीय गिऱ्हाइकाकडे डोळे लावून बसले आहेत, ते वेगळंच.

दूर कशाला, चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती तेव्हा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या बाजूला काय झालं ते त्या भागातल्या कुणालाही विचारा, आणि २०२१ मध्ये बंदी उठल्यावर काय झालं तेही विचारा. सीमेवरचा धंदा शेजारच्या कायद्यावर फुगतो आणि त्याच कायद्यासरशी बसतो.

यावर कुणी म्हणेल, मग बंदीचा उपयोग काय? लोक तर जातातच. जातात, पण आंबोलीचा घाट उतरून जातात. गडहिंग्लजच्या त्या पोराला मी विचारलं, वर्षातून किती वेळा येतोस? दोनदा, फार तर तीनदा, म्हणाला. दुकान शनिवारी लवकर बंद करावं लागतं, गाडीचं पेट्रोल, लॉज, घरी सांगायचं कारण. हे सगळे अडथळे त्याच्या बायकापोरांच्या बाजूने उभे आहेत. सिंधुदुर्गात कॅसिनो आला तर सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीच्या माणसाला यातला एकही अडथळा उरत नाही. आंबा-काजूचा पैसा एका हंगामात हातात येतो आणि वर्षभर पुरवायचा असतो. ज्या जिल्ह्यातली घरं अशी चालतात, तिथे रात्रभर उघडं राहणारं टेबल नेऊन ठेवायचं, तेही गोव्याचं गिऱ्हाईक अर्धं आपल्याला मिळेल या आशेवर! आणि मिळालं तरी किती वर्षं? आपण उघडलं की कर्नाटक बघत बसणार नाही. कारवार आणि बेळगावात टेबलं लागतील, मग गोव्याची जहाजं तिकिटं स्वस्त करतील, मग आपले कॅसिनोवाले मुंबईला येऊन कर कमी करा म्हणतील.

आणि जुगाराने जुगार हटत नाही, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली तेव्हा लोकांना मटक्यापासून दूर न्यायचं हा हेतू सांगितला होता. पुढची कितीतरी वर्षं मटक्याचे आकडे आणि लॉटरीची तिकिटं एकाच गल्लीत विकली गेली, शिवाय इतर राज्यांच्या लॉटऱ्याही त्याच टपऱ्यांवर आल्या.

गोव्याच्या लोकांना मला एक विनंती करायची आहे, आणि ती शेजारी म्हणून आहे. गोमंतकीयांना बंदी असल्यामुळे जहाजावर जाण्याआधी ओळखपत्र बघितलं जातं. म्हणजे कोणत्या राज्यातून किती माणसं आली, हा हिशेब काढणं अवघड नाही. गोव्याच्या गेमिंग आयुक्तांनी मागितला तर तो मिळू शकतो. तो दरवर्षी विधानसभेत ठेवावा. महाराष्ट्राचे किती, कर्नाटकाचे किती, गुजरातचे किती. मग त्यातलं एकेक राज्य वजा करून बघावं की परवाना शुल्कातलं काय उरतं, किती डीलर, किती बोटवाले, किती टॅक्सीवाले घरी बसतात आणि त्यांना दुसरं काय काम देता येईल. अटलांटिक सिटीला हे गणित २००४ मध्येच, पेनसिल्व्हेनियाने कायदा केला त्या दिवशी, मांडता आलं असतं. दहा वर्षं हातात होती. गोव्याकडे आज ती आहेत, कारण महाराष्ट्र अजून नाही म्हणतोय.